दादाच्या हाताची जॉयस्टिक

कळवणला आम्ही शाळेत होतो तेव्हा एका दुकानात व्हिडिओ गेमचं मोठं लाकडी खोकं होतं. माझा थोरला भाऊ त्यावर खेळायला लागला की मोठी माणसंसुद्धा थांबून बघायची. दहावीनंतर दादाने शेती धरली आणि मी नाशिकला शिकायला आलो. घरातला पहिला पदवीधर मी झालो. मी कॉलेजात लेक्चरला बसायचो तेव्हा टोमॅटोला पाणी दादा भरत असायचा.

मागच्या वर्षी मी माझ्या फ्लॅटमध्ये तसंच खोकं बनवलं, दादासाठी. प्लायवूड आणलं, जुना मॉनिटर बसवला. सगळ्यात जास्त वेळ गेला तो जॉयस्टिक निवडण्यात. इंटरनेटवर तीन आठवडे वाचून मी सगळ्यात हलकी जोडी मागवली, दोन बोटांनी वळणारी. दादाला उत्तम तेच द्यायचं होतं.

दादा आला, खेळायला उभा राहिला आणि लागोपाठ तीनदा गेममधल्या पहिल्याच खड्ड्यात पडला.

"आता हात नाय राहिला रे. तू खेळ, साहेब," म्हणाला आणि सोफ्यावर जाऊन बसला.

दहावीनंतर त्याची शाळा सुटली तेव्हाही तो असाच मुकाट बाजूला झाला होता. निदान या एका गोष्टीत तरी त्याने हार मानून परत जाऊ नये, असं मला फार वाटलं. मी त्याला पुन्हा उभं केलं आणि या वेळी पडद्याऐवजी त्याच्या हाताकडे बघितलं. ट्रॅक्टरचा गिअर टाकावा तशी तो अख्खी मूठ आवळून दांडी ढकलत होता. हलकी दांडी परत येताना मधल्या जागी न थांबता पलीकडे जायची आणि पडद्यावरचा गडी मागे उडी मारायचा. हात ठीक होता. माझी निवड चुकली होती.

दुसऱ्या दिवशी आम्ही नाशिकमधल्याच द्वारका चौकाजवळच्या एका इलेक्ट्रॉनिक सुट्या भागांच्या दुकानात गेलो. दुकानदाराने विचारलं, "कोणत्या कंपनीची दाखवू?"

"कंपनी राहू द्या. हायेत तेवढ्या काढा," दादा म्हणाला.

लासलगावला व्यापारी कांद्याची मान दाबून बघतात, तसं दादाने एकेक जॉयस्टिक हातात घेऊन दाबून बघितली. दांडी आठही बाजूंना फिरवायची, सोडायची, कानाजवळ नेऊन आतली टिकटिक ऐकायची. शेवटी त्याने सगळ्यात लांब आणि ताठ दांडी बाजूला काढली.

"काका, ही लय जड आहे. घरी कोणी नेत नाही. हात दुखेल," दुकानदार म्हणाला.

"ह्याचा दुखेल," दादा माझ्याकडे बोट करून म्हणाला. "कॉम्प्युटरवाला हे तो."

तशाच दोन घेतल्या. घरी येऊन मी त्या बसवल्या, तारा जोडल्या. दादाने मूठ आवळली. पहिला खड्डा गेला, दुसरा गेला. चौथ्या टप्प्यापर्यंत तो गेला, तिथवर मी आयुष्यात पोचलो नव्हतो. मग आम्ही एकमेकांविरुद्ध खेळलो. मी हरलो. परत हरलो. माझं मनगट खरंच दुखायला लागलं.

"खेळतो का नुसता उभा हे?" दादा म्हणाला.

साडेपाचला त्याची कळवणची गाडी होती. सहा वाजता त्याने डाव्या हाताने वहिनीला फोन लावला.

"उद्या येतो. इथं जरा काम निघालंय."

उजवा हात त्याने दांडीवरून काढला नाही.