हजेरीचा अंगठा

"कोलन कॅन्सर," डॉक्टर म्हणाले. "म्हणजे मोठ्या आतड्याचा. वेळेत सापडलाय." मला मात्र आधी ऑफिसातलं टेबल आठवलं. प्रवेशाचे दिवस होते.

मी विद्यापीठात आहे. विद्यार्थ्यांची कागदपत्रं तपासायचं माझं काम. आता ती सगळी कॉम्प्युटरवरच येतात. ऑपरेशननंतर केमोथेरपी, म्हणजे उरल्यासुरल्या कॅन्सरच्या पेशी मारणारं औषध, गोळ्यांच्या रूपात सुरू झाली. डॉक्टरांनी बजावलं, "काम करा, पण घरून. धावपळ नको." काम सुटलं तर मी नुसती पेशंट होऊन पडेन, याची मला धास्ती होती. घरून काम करायची परवानगी मागितली, आणि ती चक्क मिळाली.

फक्त हजेरीचं काय, ते कोणाला सुचलं नव्हतं. पगार निघतो मशीनवरच्या अंगठ्यावर, आणि मशीन ऑफिसच्या दारात ठोकलेलं. मग आमच्या साहेबांनी ठरवलं की मी रोज सकाळी येऊन अंगठा लावायचा आणि घरून काम करायला घरी जायचं! घर दूर खापरखेड्याला. यजमान तिथल्या वीज केंद्रातली ड्यूटी सांभाळून मला गाडीवर आणत. "पकडून बस वं," एवढंच म्हणत. मी घरी परत पोचले की कॉम्प्युटर उघडायचंही त्राण नसे.

पुढे गोळ्यांनी तळहात, तळपाय लाल होऊन सोलले. याला हँड-फूट सिंड्रोम म्हणतात. औषधाने हातापायांची कातडी झिजते. चप्पलही सोसेना.

एका सकाळी मशीन म्हणालं, "प्लीज ट्राय अगेन." पुन्हा अंगठा लावला, पुन्हा तेच. मागे रांग वाढली. मला इतका संताप आला की सगळ्यांसमोर रडू फुटलं.

आमचे कक्ष अधिकारी लांजेवार साहेब बाहेर आले. त्यांनी माझा अंगठा पाहिला.

"मॅडम, याच्यावर तं रेषाच नाही राहिल्या जी! असं असून तुमी काहून येऊन राहिल्या?"

"तुमीच तं सांगतलं, साहेब."

त्यांनी मला रांगेतून बाजूला घेतलं. मग हळूच म्हणाले, "उद्यापासून येऊ नका. तुमचं काम मले इथं कॉम्प्युटरवर दिसते. हजेरीचं मी पाहतो."

तेव्हापासून मी खरोखर घरून काम केलं. कधी सकाळी, कधी दुपारची झोप काढून. पण एकही विद्यार्थी माझ्यामुळे अडला नाही.

गोळ्या संपल्या, कातडी भरली. ऑफिसात गेले, अंगठा लावला. "थँक यू," मशीन म्हणालं. सगळे खूश.

"झाल्या ना बऱ्या!" साहेब म्हणाले. "आता रोज या."

पायऱ्या चढतानाच मी दोनदा थांबले होते. माझ्यासारखी वेळ ज्यांच्यावर येईल त्यांना एवढंच सांगते, अंगावर काढू नका, तोंडाने सांगा. मी सांगितलं.

"अंगठा बरा झाला, साहेब. मी अजून बरी होऊन राहिली."

साहेबांनी खुर्ची पुढे केली. "बसा. पाणी प्या, अन् घरी जा. काम तिकडंच पाठवतो."

मी त्यांना मनापासून हात जोडले.