चौघांचं घर
निळीचा वास आला की नव्वदच्या दशकातला आमचा जुईनगरचा रिकामा फ्लॅट आठवतो. यांची पावणे एमआयडीसीतली कंपनी बंद पडली, सरकारी योजनेतल्या या घराचे हप्ते थकले आणि आम्ही सगळं सामान घेऊन साताऱ्याला गेलो. पुढे सरकारने दंडव्याज माफ केलं, पण घरात स्वतः राहणाऱ्यांनाच. तपासणीसाठी मी एकटीच परत आले. आठ दिवस यांचे शर्ट, मुलींचे फ्रॉक, धुतलेलेच पुन्हा धुवून नीळ घालून गॅलरीत वाळत घालायचे. नवव्या दिवशी साहेब आले. “किती जणं राहता?” “चौघं,” मी म्हटलं, आणि माझाच आवाज भिंतींवरून परत आला. त्यांनी मान वर न करता चार लिहिलं. घर वाचलं. आता मुली लांब, हेही नाहीत. परवा सोसायटीच्या माणसाने तेच विचारलं, तर एक म्हणायला जीभ रेटेना.