त्र्याहत्तर नंबरची चिठ्ठी

श्रीरामपूरच्या एका दवाखान्यात रंभाजी रक्त तपासायचा. बावीस वर्षं मायक्रोस्कोपला डोळा लावून बसलेला माणूस. मोजणीत त्याची चूक कधी कुणी काढली नव्हती.

एकोणीसशे बहात्तरचा पावसाळा कोरडाच गेला. त्या दिवसांत डॉक्टरसाहेबांनी एक नवं काम काढलं. पुस्तकांत छापलेले रक्ताचे आकडे परदेशी माणसांचे. आपल्याकडच्या निरोगी माणसाचं रक्त कसं असतं, हे इथं कुणी मोजलंच नव्हतं. तेव्हा आसपासच्या गावांतली दोनशे धडधाकट माणसं घ्यायची, त्यांच्या रक्तातल्या पेशी मोजायच्या आणि निरोगी रक्ताची खालची-वरची हद्द ठरवायची. नर्स केशरबाई गावोगाव जाऊन रक्त आणणार, रंभाजी मोजणार. बाटलीवर फक्त नंबर. नावांची वही केशरबाईंच्या कपाटात, दोनशे पुरे होईपर्यंत बंद. ओळखीचं नाव दिसलं की मोजणाऱ्याचा हात ढिला पडतो, म्हणून हा नियम रंभाजीनंच सुचवला होता. त्याचा त्याला अभिमान होता.

सोनईत बायका सुईला भ्यायल्या, तेव्हा बनाबाई पुढं झाली. ती रंभाजीची थोरली बहीण. आई गेल्यावर तिनंच त्याला वाढवलं होतं. माझ्या भावाचं काम हाय म्हणत तिनं दंड उघडा केला आणि मागच्या बायकांना टोमणा मारला, "चार-चार बाळंतपनं काढली, अन् सुईला भेता व्हय गं?" केशरबाईंनी परत आल्यावर ही गंमत रंभाजीला सांगितली. नंबर सांगितला नाही, त्यानंही विचारला नाही.

त्याच खेपेतल्या त्र्याहत्तर नंबरच्या बाटलीत पांढऱ्या पेशी बेसुमार निघाल्या, त्याही कोवळ्या, वेड्यावाकड्या. रक्ताच्या कर्करोगाशिवाय असं होत नाही, हे त्याला ठाऊक होतं. निरोगी माणसांच्या यादीत तो आकडा बसत नव्हता. त्यानं मोजणी लिहिलेल्या त्या नंबरच्या चिठ्ठीवर तांबडी रेघ ओढली आणि ती रद्द चिठ्ठ्यांच्या गठ्ठ्यात घातली. गठ्ठा साहेब बघतील असं तो धरून चालला. साहेबांपुढं मात्र फक्त यादी जात होती.

भाऊबीजेला तो सोनईला गेला. ओवाळून झाल्यावर आक्कानं हसत विचारलं, "काय रं, माझं रगत कसं निघालं?"

तांबडी रेघ त्याच्या डोळ्यांपुढून गेली. आक्का वाळलेली दिसत होती. पण त्या साली कोण वाळलं नव्हतं? वही उघडा म्हटलं असतं, तर केशरबाईंनी उघडलीही असती. पण नियम त्याचाच. आणि सोनईच्या तीस बाटल्यांतली ती नेमकी आक्काचीच कशाला असेल?

"चांगलंच असंल, आक्का," तो म्हणाला. "तुला काय धाड भरलीय?"

पौषात ती गेली. दुष्काळी कामावर खडी फोडता फोडता ताप भरला, हिरड्यांतून रक्त वाहू लागलं, आठवड्यात सगळं आटोपलं. निरोप पोचला तोवर चिता विझली होती. हिरड्यांतून रक्त हे रक्ताच्या कर्करोगाचंच लक्षण; ते ऐकल्यावर रंभाजीनं पुढं काही विचारलं नाही.

महिन्याभरानं दोनशे पुरे झाले आणि वही उघडली. त्र्याहत्तरपुढं बनाबाईचं नाव होतं. प्रकृतीच्या रकान्यात केशरबाईंनी लिहिलं होतं, उत्तम.

साहेबांनी त्याला समोर बसवून समजावलं, की या दुखण्याला आपल्या हातात इलाज नव्हता, आधी कळलं असतं तरी ती वाचली नसती. ते खरंही होतं. पण तिला खडी फोडायला जाऊ दिलं नसतं. श्रीरामपूरला आणून सावलीत निजवलं असतं, तिच्या उशाशी बसता आलं असतं. एवढंही तिच्या वाट्याला आलं नाही.

रविवारी तो सोनईला गेला, दाजींना सगळं सांगून टाकायचं म्हणून. तो तोंड उघडण्याआधी दाजीच बोलू लागले.

"थकवा लई आल्ता तिला. म्या म्हनलं, नको जाऊ कामावर. तर मलाच हसायची. म्हनायची, मपल्या भावानं रगत तपासलंय, मला काय बी झालं न्हाई. अख्ख्या वस्तीला सांगत हुती."

भावाचा जीव बहिणीसाठी तुटतोय, एवढंच दाजींना दिसलं. त्यांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला, बळंच ताटावर बसवलं. भाकरी मोडून दिली. ती त्यानं खाल्ली, आणि सांगायचं ते पोटातच ठेवून दुपारची एसटी धरली.