वीस घरं आणि गेरूचा डबा

चहाचा कप आधी खाली ठेवा बघू. मागे हा किस्सा सांगत होते, तेव्हा माझ्या मावसभावाने ऐन मोक्याला चहाचा फवारा उडवला आणि माझी नवी ओढणी गेली ती गेलीच. ठेवलात? हं. माणसाच्या हातून चूक होते हो, कुणाच्या होत नाही? पण एका दुपारीत अख्खी गल्ली मोर्चाला तयार झाली, असं तुमच्यापैकी कुणी केलंय का? मी केलंय! आणि तेही काय करायला गेले होते, तर अभ्यास!

मी मूळची वाशिमची. दहा वर्षं हिंजवडीत नोकरी केली, सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायची. दुसऱ्याच्या चुका शोधण्यात माझा हात धरणारं कुणी नव्हतं. नोकरी करता करता बाहेरून समाजशास्त्रात एम.ए. केलं आणि तेहेतिसाव्या वर्षी पीएच.डी.ला नंबर लागला. दुसऱ्याच दिवशी राजीनामा दिला. आईला फोन केला, तर म्हणते कशी, "म्हंजे पगार बंद अन् अभ्यास चालू? लोकं तं याच्या उलटं करतात वं बाई!"

पण मला काय, नुसता जोर चढला होता. संशोधक व्हायचं म्हणजे तयारी नको? खादीचे दोन कुर्ते आणले. खांद्याला लावायची झोळी आणली. जाड काळ्या काड्यांचा चष्मा आणला, नंबर नसताना! आरशासमोर उभी राहून "माझ्या संशोधनाचा मुद्दा असा की…" हे वाक्य घोटून घोटून पाठ केलं. मुद्दा काय ते ठरायचं होतं अजून, पण हातवारे तयार होते.

मग गाइडना भेटायला गेले. सर म्हणजे वाळकेसे, कमी बोलणारे गृहस्थ. माझं अर्ध्या तासाचं भाषण त्यांनी डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, "वाचन भरपूर आहे. माणसांशी बोलता येतं का?"

"म्हणजे काय सर!"

"मग सोमवारी या. वीस घरांच्या मुलाखती घेऊन. गल्ली कुठलीही चालेल. लोक बोलतील ते जसंच्या तसं लिहायचं, आपलं शहाणपण घालायचं नाही. आणलंत तर माझ्याकडे नाव लावू. नाही तर तुम्ही दुसरा गाइड बघा."

दुसरा गाइड! बाकीच्या सगळ्यांकडच्या जागा भरलेल्या. म्हणजे नोकरी गेलेली, हीही जागा गेली की गाशा गुंडाळून थेट वाशिम. आणि तिकडे आई "मी म्हटलं नव्हतं?" म्हणायला दारातच उभी असणार.

आता मी राहते मुळशी तालुक्यात, हिंजवडीला लागून असलेल्या मारुंजीत. तीन वर्षं झाली, पण गल्लीत माझी ओळख किती? घरमालक बबनआण्णा, त्यांच्या सुमनकाकी आणि दूधवाला. सकाळी स्कूटरवरून जायचं, संध्याकाळी यायचं, कुलूप उघडायचं. आणि अशा बाईने चार दिवसांत वीस घरांत शिरायचं!

म्हटलं, घाबरायचं नाही. पुस्तक काढलं. पुस्तकात लिहिलं होतं, आधी सगळी घरं मोजा, मग दर पाचवं घर निवडा, म्हणजे आपल्या आवडीनिवडीचा प्रश्नच नको. शनिवारी दुपारी गल्ली मोजली. गल्लीच्या तोंडापासून सुरू करून टोकाच्या बबनआण्णांच्या बंगल्यापर्यंत मोजून शंभर घरं! दर पाचवं म्हणजे बरोब्बर वीस! मला तर हा शुभशकुनच वाटला.

पण एक घोळ होता. गल्लीतली सगळी फाटकं एकाच वेल्डरने केलेली. प्रत्येक फाटकावर तोच मोर, तोच पिसारा. आणि मी म्हणजे स्वतःच्या ऑफिसच्या पार्किंगमध्ये हरवणारी बाई. दहावं घर कुठलं आणि अकरावं कुठलं, हे उद्या मला कोण सांगणार? तेव्हा डोक्यात कल्पना चमकली. कुंड्या रंगवून उरलेला गेरू घरात होता. डबा घेतला, ब्रश घेतला, आणि दर पाचव्या घराच्या फाटकाच्या खांबावर आकडे घालत निघाले. पाच. दहा. पंधरा. ठळक, लालभडक, भोवती गोल! दुपारची दोनची वेळ, रस्त्यावर चिटपाखरू नाही. बबनआण्णांच्या खांबावर शंभर लिहिलं, दोन पावलं मागे सरकून बघितलं, आणि खरं सांगते, स्वतःचा अभिमान वाटला. डबा घरात ठेवला, डायरीत यादी केली आणि स्कूटर काढून पुण्याला पुस्तकं आणायला गेले.

तुमच्या लक्षात आलं ना? तुमच्या आलं हो! माझ्या नाही आलं. ज्या मुळशी तालुक्यात उठता-बसता रस्ता कुठून जाणार याचीच चर्चा, जिथे मोजणीवाला नुसता टेप घेऊन उभा राहिला तरी चार माणसं सातबारा घेऊन धावतात, तिथे मी घराघरावर लाल आकडे घालून पुस्तकं घ्यायला गेले होते!

संध्याकाळी सहाला परत आले, तर गिरणीसमोर ही गर्दी! शे-दीडशे माणूस. मध्ये बबनआण्णा हात उंचावून बोलताहेत. मला स्कूटर पुढे नेताच येईना.

"काय झालं हो आण्णा?"

"काय व्हायचं ऱ्हायलंय म्याडम! रस्ता रुंदीकरण! दुपारच्याला येऊन घरांवर खुणा मारून गेल्यात!"

"कोण?"

"सरकारी मान्सं! चार जण व्हती. पिवळी हेल्मेटं. जीप हितं लावली व्हती, हितं!" गिरणीवाले दत्तूमामा जमिनीवर पाय आपटून जागा दाखवायला लागले. "म्या सवता बघितलं!"

"चार कुटली? सात व्हती!" मागून एकजण ओरडला. "एक तर दुर्बीन लावून बघत व्हता."

आता मला सांगा, चार माणसं, पिवळी हेल्मेटं, जीप, दुर्बीण, हे ऐकून कुठल्या बाईला स्वतःचा गेरूचा डबा आठवेल? उलट माझंच रक्त उसळलं! गल्लीतल्या किसनरावांनी तर हाताला धरून आपली भिंत दाखवली. भिंतीवर ऑइलपेंटने हातभर मोठा आकडा, दोनशे! म्हणजे हे सरकारचंच काम! मी स्कूटरच्या पायरीवर उभी राहिले आणि काय सुचलं कुणास ठाऊक, म्हणाले, "हे चालणार नाही! आपल्याला विचारल्याशिवाय आपल्या घरांवर खुणा करतातच कशा? हा सरळसरळ अन्याय आहे!"

टाळ्या! आयुष्यात पहिल्यांदा माझ्या बोलण्याला टाळ्या! तीन वर्षं ज्या गल्लीत मला कुणी नावाने ओळखत नव्हतं, ती गल्ली माझ्याकडे डोळे लावून बघत होती.

"ह्या म्याडम लई शिकल्याल्या हायेत," बबनआण्णांनी जाहीर केलं. "पीएच.डी. करत्यात. निवेदन ह्याच लिवतील."

झालं! गिरणीतून खुर्ची आली, टेबल आलं, कुणी चहा आणला. मी चष्मा सारखा केला आणि दणकून लिहिलं, 'कोणतीही पूर्वसूचना न देता, भरदुपारी, ग्रामस्थ विश्रांती घेत असताना, काही बेजबाबदार इसमांनी…' बेजबाबदार हा शब्द माझाच. मी तो दोनदा अधोरेखितही केला.

"आता यादी घ्या," आण्णा म्हणाले. "कुनाचं किती फूट जातंय ती."

"फूट?"

"मंग! आकडा म्हंजी फूट. येकेकानं सांगा रं!"

"दत्तू गिरनीवाला. पाच फूट!"

लिहिलं.

"माजं धा फूट. पायऱ्या गेल्या समद्या!"

लिहिलं.

"पंदरा फूट. म्हशीचा गोठा गेला माजा!"

लिहिताना हात जरा मंदावला. पाच, दहा, पंधरा… हा पाढा आपण आजच कुठेतरी म्हटलाय, असं का वाटतंय?

"वीस फूट!"

"पंचवीस!"

पेन चालत होतं, पण माझा जीव डायरीत होता, आणि डायरी मांडीवरच्या झोळीत. तेवढ्यात मागून एक म्हातारी रडवेल्या आवाजात ओरडली, "आनि माज्यावर आकडाच न्हाई! मला पैसं नगं का? शेजारनीचं तीस फूट घ्येत्यात आनि माजं येकबी न्हाई?"

सगळ्यात शेवटी बबनआण्णा पुढे आले. एवढा उंचापुरा माणूस, पण आवाज कापत होता. "आनि माजं लिवा, म्याडम. शंभर फूट. अवो, घर हाय चाळीस फूट! वरचं साठ फूट कुटनं घेनारेत?"

"मागच्या हिरीतनं!" कुणीतरी बोललं, पण कुणी हसलं नाही. सुमनकाकी पदर डोळ्यांना लावून उभ्या होत्या. त्यांनी तो बंगला कसा बांधला, विटा कशा स्वतः वाहिल्या, हे मला भाडेकरारावर सही करतानाच सांगितलं होतं.

खरं सांगू? गप्प बसता आलं असतं. निवेदन गेलं असतं, चार दिवसांनी सगळं निवळलं असतं, आणि गल्लीत मी पुढारी म्हणून मिरवले असते. पण काकींच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते माझ्या गेरूमुळे होतं. मी उठून उभी राहिले.

"आण्णा, रस्ता येत नाहीये."

"आं?"

"ते आकडे मी घातलेत. दुपारी. गेरूने. मला वीस घरांच्या मुलाखती घ्यायच्या होत्या, आणि घरं ओळखू यावीत म्हणून…"

दत्तूमामा डोळे बारीक करून म्हणाले, "आनि जीप?"

"जीप तुम्हीच आणलीत मामा."

मला वाटलं, आता आपलं सामान रस्त्यावर. आण्णांनी निवेदन हातात घेतलं आणि सगळ्यांसमोर मोठ्याने वाचलं, "काही बे-ज-बाब-दार इसमांनी…" मग माझ्याकडे बघितलं. आणि असे हसले, असे हसले की खाली बसले! मग सगळी गल्ली हसत सुटली. फक्त काकी हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "हसताय काय? उद्या सकाळच्याला बादली घ्यायची आनि येकेक खांब सवताच्या हातानं धुवायचा. समदे! कळलं का?"

कळलं की!

रविवारी सकाळी सातला मी बादली, घासणी घेऊन गिरणीपासून सुरुवात केली. आणि इथे गंमत झाली. बाई दारात खाली बसून घासतेय म्हटल्यावर कुणाला राहवतं? दत्तूमामांच्या बायकोने चहा आणला आणि शेजारी बसून गिरणीची सगळी कथा सांगितली. दहा नंबरवाल्याने पायऱ्यांवर बसून भावकीतली वाटणी सांगितली. पंधराव्या घरी म्हशीचं नाव कळलं. भाडेकरू किती, शेती किती उरली, पोरं कुठे, सुनेशी पटतं का, सगळं! मला विचारायचीही गरज नव्हती, निघताना शेवटचा एक प्रश्न तेवढा मी विचारायची. एका हातात घासणी, दुसऱ्या हातात पेन. किसनरावांचा दोनशे मात्र घासून घासून निघेना. शेवटी ते कानाशी येऊन म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. त्यो म्याच काडलाय. म्हनलं, भरपाईत नाव तरी लागंल."

शंभराच्या खांबाशी पोचले तेव्हा संध्याकाळ झाली होती. कंबरेचा काटा ढिला झाला होता, पण झोळीत वीसच्या वीस मुलाखती होत्या! काकींनी गरम भाकरी आणि अंबाडीची भाजी वाढली. जेवता जेवता मला रडूच आलं. आनंदाने हो! तीन वर्षांत पहिल्यांदा मला त्या गल्लीत घर मिळालं होतं.

सोमवारी सरांसमोर वही ठेवली. सर वाचत गेले. वाळक्या चेहऱ्यावर रंग चढत गेला. "वा! लोक असं मोकळं बोलायला वर्षं लागतात. आणि शब्द न् शब्द त्यांचा! कुठेही सारवासारव नाही. असाच विद्यार्थी हवा होता मला." त्यांनी माझा फॉर्म ओढला आणि झोकात सही ठोकली. मी तर जमिनीपासून चार बोटं वर!

मग सरांनी शेवटचं पान उघडलं. 'सध्या गावात तुम्हाला सर्वांत जास्त त्रास कशाचा होतो?' या प्रश्नाची उत्तरं मी प्रामाणिकपणे, जशीच्या तशी लिहिलेली होती.

"हे पाहा," सर म्हणाले, "ट्रॅफिक, दोन जण. पाण्याचे टँकर, एक. आणि उरलेल्या सतरा घरांनी एकच उत्तर दिलंय, 'तुमी.' हे कोण?"

मी सही झालेला फॉर्म हळूच झोळीत सरकवला आणि म्हटलं, "सर, आत्ता तुम्ही जिला घेतलंत ना, तीच."