न उघडलेली पुडी

मंठ्याच्या आठवडी बाजारात तो मसाले विकायचा. पुडी बांधण्याआधी ती गिऱ्हाइकाच्या नाकाजवळ धरायचा आणि माणूस 'बराबर' म्हणेपर्यंत दोरा गुंडाळायचा नाही. मला ती सवय गमतीची वाटायची. एकदा मी त्याच्याकडे वाळवलेली मेथी मागितली.

"मेथी ठेवत न्हाई," तो म्हणाला. "तिच्यापायी चार वर्षं जेलात व्हतो."

बसमधल्या झडतीत पोलिसांना त्याच्या पिशवीत मेथीचा चुरा सापडला होता. त्यांनी पुडी सील करून प्रयोगशाळेत पाठवली आणि तिथून गांजा असल्याचा रिपोर्ट आला. त्या कागदावर त्याला शिक्षा झाली. पुढे तिथला तपासनीस नमुने न तपासताच रिपोर्ट लिहीत असल्याचं उघड झालं, तेव्हा कोर्टानं जुने नमुने पुन्हा तपासायला लावले.

"माझ्या पुडीचं सील जसंच्या तसं व्हतं," तो म्हणाला. "चार वर्षांत कुणी उघडून बी पाह्यली न्हाई. उघडली तर मेथीच निघाली. तोवर माय गेल्ती."

माफी मागावी असं मला वाटलं, पण कुणाच्या वतीनं, ते कळेना. तेवढ्यात एक गिऱ्हाईक समोर उकिडवं बसलं आणि इकडंतिकडं बघत हळूच म्हणालं, "काका, तो माल हाय का?"

"न्हाई." त्यानं मानही वर केली नाही. तो माणूस गेल्यावर मला म्हणाला, "कोर्टानं सोडलं ते समद्यांना ठावं हाय. पण ह्यांना अजून तो रिपोर्टच खरा वाटतो."