परतूरचे त्रेसष्ट लॉट

अलीमभाई कुणावर विश्वास ठेवत नसत. मस्तगडातल्या घराला कुलूप लावलं की तीनदा ओढून बघायचे, आणि गल्लीच्या टोकावरून परत येऊन चौथ्यांदा. भाजीवाल्याने आपणहून चांगली वांगी काढून दिली, तर तीच नेमकी नको असायची. "निकाहाच्या वक्ताला काजीलाच दोनदा नाव विचारलं ह्यांनी," असं त्यांची बायको रहिमुन्निसा पाहुण्यांना हसत सांगायची. ती काही खोटं बोलत नव्हती.

जालन्यातल्या एका बियाणे कंपनीत मात्र हाच स्वभाव गुण ठरला होता. बावीस वर्षं तिथला डेटाबेस त्यांच्या हातात होता. गावोगावच्या केंद्रांवर शेतकऱ्यांकडून आलेल्या प्रत्येक लॉटचं, म्हणजे बियाण्याच्या एकेका खेपेचं, थोडं बी प्रयोगशाळेत ओल्या कागदात गुंडाळून ठेवतात आणि ते उगवतं का बघतात. निकाल संगणकावर भरून बटण दाबलं की डेटाबेसमध्ये साठवलेली सूचनांची एक यादी, म्हणजे प्रोसिजर, चालते, आणि त्या लॉटवर पास किंवा नापास असा शेरा पडतो.

एका सोमवारी परतूर केंद्राचे त्रेसष्टच्या त्रेसष्ट लॉट नापास दिसले. शनिवारी प्रयोगशाळेत नापास झाला होता फक्त एक. नोंदीत नाव होतं प्रियदर्शनीचं, दोन महिन्यांपूर्वी कामाला लागलेल्या पोरीचं.

"अलीमभाई, सांजच्याला बराबर सांगा," मॅनेजर हरिओम म्हणाले. "मुद्दाम केलं आसंल तर आजच घरी पाठवतो. कागद टाइप करून ठेवलाय मी."

अलीमभाईंना तपासायचं असं काही उरलंच नव्हतं. पोरगी आधी दुसऱ्या बियाणे कंपनीत होती. जिन्याखाली उभी राहून फोनवर हळू आवाजात बोलायची. आणि पहिल्याच आठवड्यात तिनं विचारलं होतं, "सर, लॉट नंबरचा रकाना रिकामा राहिला तर चालतं का?" कॉम्प्युटरचा कोर्स केलाय म्हणे! प्रयोगशाळेतल्या पोरीला ही चौकशी कशाला हवी, म्हणून त्यांनी तिला तिथल्या तिथं उडवून लावलं होतं. "चालतं. तुम्ही आपलं बटन दाबा."

ते प्रयोगशाळेत गेले. प्रियदर्शनीचा चेहरा उतरलेला होता, तरी ती सरळ बोलली. "सर, त्या गुंडाळीवर नंबरच नव्हता. मी नुसतं केंद्राचं नाव भरून बटन दाबलं, नंबर नंतर विचारून टाकणार व्हते."

"नंबर कसा न्हाई?"

उत्तर तिथल्या जुन्या सोनूबाईंनी दिलं. "मीच लिहीत न्हाई आधी. कोंब दिसायच्या आधी नंबर टाकला की बी रुसतं. पंधरा वर्सं झाली, असंच करून राह्यले मी. आन् त्या लॉटला कोंबच आला न्हाई, मंग नंबर कुठून येणार?"

दोघींनी मिळून गोष्ट रचली आहे, हे अलीमभाईंनी मनात पक्कं केलं. खोटं पकडायला एकच करायचं होतं. डेटाबेसची नक्कल घ्यायची आणि नंबर रिकामा ठेवून तीच प्रोसिजर चालवायची. ती अडली पाहिजे. अडली की पोरगी सापडली.

त्या प्रोसिजरमध्ये तयार क्वेरी, म्हणजे डेटाबेसला द्यायचा हुकूम, नव्हती. जो रकाना भरलेला असेल त्याची अट घ्यायची, रिकाम्याची सोडून द्यायची, तुकडे जोडून ऐनवेळी क्वेरी बनवायची आणि चालवायची, असा तिचा खाक्या. त्यांनी ती क्वेरी चालवायच्या आधी पडद्यावर आणून बघितली. तिचा अर्थ स्वच्छ होता: परतूर केंद्राचे लॉट नापास कर. नंबराची अट गळून पडली होती. प्रोसिजर कुठंच अडत नव्हती.

त्यांनी तीनदा वाचलं. मग वर सरकून पहिली ओळ बघितली. अकरा वर्षांपूर्वीची तारीख आणि लिहिणाऱ्याचं नाव अलीम. नऊ प्रोसिजरींचं काम एकीत बसवलं म्हणून त्या वेळी केवढी शेखी मिरवली होती! अख्ख्या कंपनीवर संशय घेतला आणि हे पान एकदाही उघडून बघितलं नाही.

एक ओळ गुपचूप बदलली असती तरी भागलं असतं. हरिओमना यातलं अक्षर कळत नव्हतं आणि पोरीचं कुणी ऐकणार नव्हतं. अलीमभाई बराच वेळ हात मांडीवर ठेवून बसले. त्यांना स्वतःची भयंकर लाज वाटत होती.

संध्याकाळी ते हरिओमच्या टेबलापाशी उभे राहिले. "साब, तो कागद फाडा. गलती माझी हाय. पोरीनं विचारलं व्हतं, मीच चालतं म्हणलो."

हरिओमनी कागद फाडला, पण अलीमभाईंकडे ते जरा जास्तच वेळ बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी अलीमभाईंनी दुरुस्ती केली. नंबर रिकामा असेल तर प्रोसिजर आता काहीच न करता थांबणार होती. त्यांनी प्रियदर्शनीला बोलावलं. माफी मागायची होती, पण शब्द काही केल्या जमेनात.

"घ्या मॅडम, झाली बराबर. आता बिनधास्त भरा."

ती बसली नाही. "सर, आधी नकलेवर चालवून बघू का? नंबर रिकामा ठेवून?"

"मी केलंय म्हणलं ना."

"म्हणूनच, सर."

अलीमभाईंनी आपली खुर्ची तिच्याकडे सरकवली आणि ते मागे उभे राहिले.