हिला दाखवलेलं उत्तरेचं आकाश

बोटीवर मी इंजिनीयर होतो. आता निवृत्त होऊन रत्नागिरीतच असतो. मी फारसं बोलत नाही हे घरात सगळ्यांना माहीत आहे. एकदा मात्र बोललो, ते आज लिहितो.

गेल्या वर्षी हिची धाकटी बहीण गेली. त्यानंतर ही हळूहळू मिटत गेली. स्वयंपाक व्हायचा, पण मीठ विसरायचं. शेजारणी हाक मारून दमल्या. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि एका समुपदेशक बाईंकडे पाठवलं. वयानं आमच्या मुलीएवढ्या. त्यांच्या खोलीत एक फिरती खुर्ची होती आणि डोळ्यांवर चढवायचा व्हीआर हेडसेट.

"काकू, गोळ्या चालूच ठेवायच्या," बाई म्हणाल्या. "हे त्यांच्या जोडीला. खूप मोठं, अफाट असं काही समोर आलं की मन आपल्याच दुःखाभोवती फिरायचं जरा थांबतं. निदान तेवढा वेळ तरी."

"सिनेमा आहे का?" हिनं विचारलं.

"सिनेमाच्या आत बसायचं."

"मग तिकीट ह्यांच्याकडून घ्या."

कित्येक दिवसांनी ही काहीतरी तिरकं बोलली होती. मला बरं वाटलं. काय दाखवायचं ते बाईंनी मलाच निवडायला सांगितलं, "काका, तुम्ही तर जग पाहिलंय." यादीत डोंगर होते, जंगल होतं, अंतराळही होतं. मी निवडलं उत्तरेकडच्या समुद्रातलं बोटीचं डेक आणि वर ध्रुवीय प्रकाशाचा हिरवा उजेड हलत असलेलं आकाश. ते मी स्वतः पाहिलेलं होतं. हिला कधी नीट सांगितलं नव्हतं.

हेडसेट चढला. मग हिनं मान वर केली आणि तोंड तसंच उघडं राहिलं. "अगो बाई," एवढंच म्हणाली. खुर्ची हळूहळू फिरवत सगळीकडे पाहत राहिली. गालावरून पाणी आलं, ते पुसायचंही हिला सुचलं नाही. समोरच्या पडद्यावर तेच आकाश आम्हाला दिसत होतं, पण मी हिच्याकडेच पाहत होतो. इतक्या महिन्यांत हिचे खांदे असे सैल झालेले मी पाहिले नव्हते.

आणि मग हिनं हात जोडले.

आमच्याकडे देवाला गाऱ्हाणं घालतात. जे असेल ते सरळ शब्दांत देवासमोर मांडायचं, आणि बाजूला उभ्या असलेल्यांनी प्रत्येक वाक्याला 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. म्हणजे, हे खरं आहे, आमची साक्ष आहे. ते काम गुरवाचं किंवा घरातल्या कर्त्या पुरुषाचं. आमच्या घरातला कर्ता पुरुषच बोटीवर निघालेला, म्हणून त्याच्यासाठी ही घालायची. दर सफरीला निघण्याआधी देव्हाऱ्यासमोर. मी बॅग भरून बाजूला उभा असायचो.

हिची माहेरची बोली आपोआप तोंडात आली. सावर्ड्याच्या आतल्या बाजूला हिचं माहेर.

"बा देवा म्हाराजा, तुजा ह्यो येवढा पसारा आज दाकवलास..."

"व्हय म्हाराजा," मी म्हणालो. बाई गोंधळून माझ्याकडे पाहू लागल्या. मी हातानंच थांबायला सांगितलं.

"ह्या पान्यात माजा घरवाला येकला ऱ्हायला, त्याला तू सांबाळलंस..."

"व्हय म्हाराजा."

"कंपनी बायकामान्सांना न्हेत न्हाई, म्हनून मी घरी ऱ्हायले..."

हे वाक्य हिच्या गाऱ्हाण्यात पहिल्यापासून होतं. दर वेळी मी त्याला 'व्हय' म्हणून बॅग उचलली होती. त्या दिवशी ते तोंडातून निघेना.

कंपनी नेत होती. अधिकाऱ्यांच्या बायका यायच्या, महिनोन् महिने राहायच्या. जेवणाच्या टेबलावर इंग्रजीत हसायच्या, पत्ते खेळायच्या. माझी बायको तिथे बसलेली, तिच्या बोलण्याला कोणी हसतंय, असं चित्र मला सहन व्हायचं नाही. एकदा कॅप्टनच्या बायकोनं विचारलं, तुमच्या मिसेस का येत नाहीत? मी म्हणालो, तिला बोट लागते. ही आयुष्यात बोटीवर चढलेली नव्हती.

"अहो," ही हेडसेटच्या आडून म्हणाली, "म्हणा की."

"नाही म्हणता येत," मी म्हणालो. "कंपनी नेत होती. मीच नेलं नाही. मला लाज वाटायची."

कुणाची, ते हिनं विचारलं नाही. हेडसेट काढून मांडीवर ठेवला. त्याच्या कडांचे वळ डोळ्यांभोवती उमटले होते. बाई उठून बाहेर जायला निघाल्या, तर ही म्हणाली, "बसा हो. तुमच्यापासून आता काय लपवायचं."

मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "नेलं नाहीत ते एक. पण इतकी वर्षं देवासमोर माझ्या तोंडून खोटं वदवलंत. आणि बाजूला उभे राहून साक्ष दिलीत."

या बाजूनं मी कधी विचारच केला नव्हता. माझ्या हिशेबी मी हिचा एक प्रवास चुकवला होता, एवढंच.

थोड्या वेळानं हिनं हेडसेट बाईंच्या हातात दिला. "परत लावा. मघाशी अर्धवट राहिलं."

या वेळी हिनं हात जोडले नाहीत. सरळ बसून शेवटपर्यंत पाहिलं.

घरी जाताना रिक्षा मारुती मंदिराशी आली. तेव्हा ही म्हणाली, "थंडी किती असायची तिथे?"

मी सांगायला लागलो. डेकवर दोरांना बर्फ धरायचा ते. इंजिनरूममधून घामेजलेला वर आलो की कान बधिर व्हायचे ते. पहिल्यांदा ते आकाश दिसलं तेव्हा शेजारी कुणीतरी असावं असं वाटलं होतं, तेही सांगितलं. रिक्षावाला आरशातून बघत होता, तरी थांबलो नाही.

ही बाहेर बघत ऐकत होती. होय म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही. घर आल्यावर आधी उतरली आणि माझ्यासाठी फाटक उघडं ठेवून आत गेली.